एक बटण आणि दहा पावले

दिवाळी तोंडावर आली की घरोघर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "अहो, गेल्या वर्षीचा आकाशकंदील कुठे ठेवलात?" मग कोणी स्टुलावर उभा राहून माळा धुंडाळतो, कोणी पलंगाखालची ट्रंक ओढून काढतो. कंदील शेवटी सापडतो. नाही असे नाही. परंतु तो शोधता शोधता जुन्या फोटोंचे पाकीट हाती लागते, त्यात अर्धा तास जातो, आणि माळ्यावर आपण कशासाठी चढलो होतो हेच क्षणभर आठवत नाही. घरात वस्तू पुष्कळ झाल्या म्हणजे त्या असून नसल्यासारख्या होतात. हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी हाताला लागावी, यालाच खरी सोय म्हणायची.

या सदरात आपण निरनिराळ्या व्यवसायांतील हत्यारांविषयी बोलत असतो. दिवाळी अंकासाठी कोणते हत्यार निवडावे याचा विचार करताना मनात आले, की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-ठाण्याच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांची दिवाळी हल्ली ज्या व्यवसायावर साजरी होते, त्याच व्यवसायाच्या हत्याराविषयी घरातल्या इतर माणसांना सर्वांत कमी माहिती असते. सुताराचा रंधा आपण पाहिलेला असतो, शिंप्याची कात्री पाहिलेली असते. पण सॉफ्टवेअर लिहिणारी सून दिवसभर पडद्यावरच्या ज्या चौकटीत डोळे घालून बसते ती चौकट म्हणजे काय, हे सासूबाईंनी विचारावे कसे आणि सुनेने सांगावे कसे? "कोड लिहिते," एवढेच उत्तर मिळते. आणि गंमत अशी की तेही पुरते खरे नसते. तिचा पुष्कळसा वेळ लिहिण्यात जात नाही. तो जातो इकडून तिकडे फिरण्यात आणि वाचण्यात.

वाड्यातून वाट काढताना

सॉफ्टवेअरचा मोठा प्रकल्प म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचे पुस्तक नव्हे. तो जुन्या वाड्यासारखा असतो. एका पिढीने चौक बांधला, दुसरीने माडी चढवली, तिसरीने मागील दारी पडवी काढली. आणि बांधणाऱ्यांपैकी निम्मी माणसे आता नोकरी सोडून गेलेली. लिनक्सचेच उदाहरण घ्या. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी हेच लिनक्स असते. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा त्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. २०२० साल उजाडले तेव्हा ओळींची संख्या २ कोटी ७० लाखांच्या वर गेली होती आणि फाइली साठ हजारांहून अधिक झाल्या होत्या. एवढा वाडा एका माणसाच्या डोक्यात मावणे शक्यच नाही.

एवढे दूर कशाला जा? समजा, वीजबिले तयार करणारे एक सॉफ्टवेअर आहे. एका ग्राहकाची तक्रार आली, की मुदतीच्या दिवशीच पैसे भरूनही बिलात विलंब-आकार लागला. आपली सून बिलाची फाइल उघडते. तिथे आकारणी झालेली दिसते. पण आकारणीचा नियम दुसऱ्या फाइलीत लिहिलेला आहे. ती फाइल उघडावी, तर मुदतीची तारीख तिसऱ्याच फाइलीत ठरते. तिथे गेल्यावर चूक दिसते: 'मुदतीनंतर' असे हवे होते तिथे कोणीतरी 'मुदतीपासून' असा हिशेब धरला आहे. चूक एका शब्दाची. पण दुरुस्त करण्यापूर्वी पाहायला हवे, की हा हिशेब आणखी कोण कोण वापरते? छापील बिल वापरते, ऑनलाइन पैसे भरण्याचे पान वापरते, आठवणीचा संदेश पाठवणारा भाग वापरतो, आणि वर्षअखेरचा अहवालही वापरतो. त्यातच एखाद्याने तो हिशेब न मागवता स्वतःचा वेगळा लिहून ठेवलेला असला, तर तीही जागा हुडकून काढली पाहिजे.

यांपैकी तीन जागा दुरुस्त झाल्या आणि चौथी राहिली तर काय होते? फोनवर संदेश येतो एका रकमेचा आणि बिल येते दुसऱ्या रकमेचे. मग एखादे निवृत्त गृहस्थ दोन्ही कागद घेऊन कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभे राहतात, आणि खिडकीमागचा कारकून म्हणतो, "कॉम्प्युटरमध्ये तसंच दाखवतंय." हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांनी घेतला असेल. त्यामागे बहुधा कोणाचा दुष्टपणा नसतो. कोणीतरी एका खोलीत जायचे विसरलेले असते.

विसरण्याचे कारणही साधे आहे. एका फाइलीतून दुसरीत जायचे म्हणजे फाइलींची यादी उघडा, खाली सरकवा, नाव शोधा, फाइल उघडा, आत शब्द शोधा, ओळ वाचा, आणि पुन्हा पहिल्या जागी या. सात-आठ पावले. तोवर पहिल्या जागी आपण कोणता विचार करीत होतो तो धागा तुटलेला असतो. कीर्तन रंगात आले असताना मध्येच कोणी चपला हरवल्याची घोषणा केली, तर बुवांना पुन्हा अनुसंधान जुळवायला वेळ लागतो ना? तसेच हे. आणि इथे अशी घोषणा दर दोन मिनिटांनी होत असते.

फोडणी आणि मॅक्रो

यावरचा उपाय म्हणजे मॅक्रो. नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणतात, "आमटीला फोडणी दे गं." एवढ्या एका शब्दात किती कामे भरलेली आहेत! पळी तापवायची, तेल घालायचे, मोहरी तडतडू द्यायची, मग हिंग, हळद, कढीपत्ता, आणि चर्रकन आमटीवर ओतायचे. नव्या सुनेला पहिल्या दिवशी हे एकेक करून दाखवावे लागले असेल. पण एकदा 'फोडणी' या नावाखाली सगळे बसले की पुन्हा कोणी मोहरीचा उल्लेखही करीत नाही. शिवाय क्रम बदलून चालत नाही. हळद आधी आणि मोहरी मागून घातली तर हळद करपते.

मॅक्रोही असाच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा. एका लहान आज्ञेच्या पोटात मोठी आज्ञा साठवायची, म्हणून हे नाव. कोड लिहिण्याची जी चौकट, तिला एडिटर म्हणतात. कित्येक एडिटरांना असे सांगता येते, की "आता मी जी बटणे दाबीन ती ध्यानात ठेव." आपण आपले काम एकदा नीट करून दाखवायचे, "झाले" म्हणून सांगायचे, आणि पुढच्या वेळी एकच बटण दाबायचे. एडिटर तीच दहा पावले त्याच क्रमाने टाकतो. कचेरीत एक्सेल वापरणाऱ्या वाचकांना हा प्रकार परिचित असेल. त्यातही मॅक्रो नोंदवण्याची सोय आहे.

कागदी फितीपासून

या युक्तीला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत डॅन मर्फी याने 'टेको' नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कागदी फितीवर असत. ती फीत सुधारण्याचे हत्यार म्हणून 'टेप एडिटर अँड करेक्टर' असे त्याचे नाव पडले. त्याच्या आज्ञा इतक्या त्रोटक होत्या, की परक्या माणसाला तो मजकूर म्हणजे मुद्रणालयात खिळ्यांची पेटी उपडी झाल्यासारखा दिसे. परंतु त्या आज्ञा एकत्र बांधून एका नावाखाली ठेवता येत.

पुढे त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत जो तो आपापले मॅक्रो तयार करू लागला. एकाचे बटण पुढच्या परिच्छेदावर नेई, तेच बटण दुसऱ्याच्या यंत्रावर ओळ पुसून टाकी. शेजाऱ्याच्या टेबलावर बसणे अवघड झाले. तेव्हा १९७६ साली गाय स्टील याने हे निरनिराळे संच एकत्र करण्याचे काम हाती घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन याने ते तडीस नेले. त्या संचाला 'एडिटिंग मॅक्रोज' या शब्दांवरून 'ईमॅक्स' असे नाव मिळाले. १९८५ पासून तो नव्या रूपात सर्वांना खुला झाला आणि आजही वापरात आहे. म्हणजे एक अख्खा एडिटर मॅक्रोंच्या गाठोड्यातून जन्मला. आणि ती गाठोडी बांधली होती ती वापरणाऱ्यांनीच.

त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल जॉय या विद्यार्थ्याने 'व्हीआय' नावाचा एडिटर लिहिला. त्याच्या हाताशी जे यंत्र होते त्यावर बाणांची वेगळी बटणे नव्हती; एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण रंगवलेले होते. म्हणून डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाण्यासाठी हीच चार अक्षरे ठरली. ते यंत्र केव्हाच अडगळीत गेले. पण ती चार अक्षरे आजही तरुण मुलामुलींच्या बोटांत आहेत. या एडिटराचा थोरला वारस म्हणजे 'व्हिम'. हॉलंडच्या ब्रॅम मूलेनार याने १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत त्याची निगा राखली. व्हिमसाठी तो पैसे मागत नसे. आवडला तर युगांडातील किबाले येथील अनाथ मुलांना मदत करा, एवढेच तो म्हणे.

सूची आणि परतीची वाट

मॅक्रो पावले टाकतो खरा. पण कुठे जायचे हे त्याला कळावे कसे? त्यासाठी हवी सूची. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी. बर्कलीलाच केन अर्नोल्ड याने 'सीटॅग्ज' नावाचे साधन तयार केले. ते प्रकल्पातील फाइली चाळून कोणते नाव कोणत्या फाइलीत कुठे बांधले गेले आहे याची यादी करते. मग एखाद्या नावावर उभे राहून दोन बटणे दाबली की एडिटर थेट त्या नावाच्या मूळ जागी उडी घेतो.

माझ्या मते याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे परतीचे बटण. एडिटर आपण कुठून कुठे गेलो याची ओळीने नोंद ठेवतो. तीन खोल्या पार करून चौथीत पोचला असाल, तरी तेच बटण दाबत दाबत उलट पावली निघालेल्या ठिकाणी येता येते. परत येता येईल ही खात्री असली की माणूस नि:शंकपणे आत शिरतो. ज्याला परतीची खात्री नसते तो उंबऱ्यावरूनच डोकावतो आणि "असेल आत तसेच" असे म्हणून अंदाजाने काम उरकतो. मघाच्या त्या निवृत्त गृहस्थांची फेरी अशाच अंदाजातून पदरी पडत असते.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टने पुढाकार घेऊन एक सामाईक पद्धत जाहीर केली. भाषा समजणारा एक मदतनीस प्रोग्रॅम वेगळा असावा, आणि कोणत्याही एडिटराने त्याला ठरावीक शब्दांत विचारावे: हे नाव कुठे बांधले आहे? ते कोण कोण वापरते? त्यामुळे आज साध्या एडिटरातही ही उत्तरे एका बटणावर मिळतात. सीटॅग्जची सूची अक्षरे पाहून तयार होते. हा मदतनीस अर्थही पाहतो. दोन वेगळ्या घरांत 'बाळ' नावाचा मुलगा असेल, तर कोणता बाळ कोणाचा हे त्याला कळते.

दोन आकडी सालांचा शोध

या साऱ्याचे महत्त्व आपल्याकडील एका पिढीने फार जवळून पाहिले. १९६० आणि १९७० च्या दशकांत संगणकाची स्मृती महाग होती, आणि भोकांच्या एका कार्डावर ८० च अक्षरे मावत. म्हणून काटकसरीने सालाचे दोनच आकडे लिहीत. १९६५ म्हणजे ६५. हे प्रोग्रॅम २००० सालापर्यंत टिकतील असे फारसे कोणाला वाटले नव्हते. ते टिकले. १९९० च्या दशकात ध्यानात आले, की '००' म्हणजे १९०० असा अर्थ लावून व्याज, वय आणि निवृत्तिवेतन यांचे हिशेब उलटेपालटे होतील. २००० हे लीप वर्ष आहे हेही काही प्रोग्रॅमांना ठाऊक नव्हते.

परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले. मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांची पहिली नोकरी तीच. लाखो ओळी कोबॉल भाषेतल्या, लिहिणारे कुठल्या कुठे गेलेले. प्रत्येक तारीख शोधायची, ती कुठून येते आणि कुठे जाते ते पाहायचे. आय.बी.एम.च्या मोठ्या संगणकांवर आय.एस.पी.एफ. नावाचा एडिटर होता. त्यात एक नामी युक्ती चाले. आधी एका आज्ञेने फाइलीतल्या सर्व ओळी झाकून टाकायच्या. मग 'डेट' हा शब्द सर्वत्र शोधायला सांगायचे. तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या उघड्या पडत, बाकीच्या पडद्याआड राहत. दहा हजार ओळींच्या फाइलीतून चाळीस ओळी डोळ्यांसमोर येत. तांदूळ पाखडून खडे वेगळे करावेत तसे.

पण प्रत्येकाने तारखेला 'डेट' असेच नाव दिलेले नव्हते. कोणी 'डीटी' म्हटले, कोणी 'वायवाय', कोणी 'वायआर'. मग या साऱ्या नावांचा शोध एका मॅक्रोत बांधायचा आणि फाइलीमागून फाइलीवर तो चालवायचा. तरीही काही तारखा निसटत. एका जागी तारीख उचलून भलत्याच नावाच्या डब्यात ठेवलेली असे. साखरेच्या डब्यात मीठ भरावे तशी. तिथे मॅक्रोचे काम संपे आणि माणसाच्या डोळ्यांचे सुरू होई. दळण मॅक्रोने दळल्यामुळेच हे डोळे ताजे राहत.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मोठा अनर्थ न होता सरली. दुसऱ्या दिवशी काही लोक म्हणाले, "उगाच बाऊ केला होता." पूर न आलेल्या गावात बंधारा बांधणाऱ्याची जी कदर होते, तीच त्या मुलांच्या वाट्याला आली.

भाचीची तीन बटणे

परवा हिंजवडीत काम करणाऱ्या आमच्या भाचीला मी म्हटले, "तुझे मॅक्रो दाखव पाहू." ती हसून म्हणाली, "मामा, त्यात बघण्यासारखं काही नाही हो. दाबलं की झालं." तरी तिने तीन गोष्टी दाखवल्या.

पहिली, खुणेची. व्हिममध्ये एम दाबून एखादे मोठे अक्षर दाबले की त्या ओळीवर त्या अक्षराची खूण बसते. मग कोणत्याही फाइलीत असा. अवतरणचिन्ह आणि ते अक्षर दाबले की तिथे हजर. सकाळी काम हाती घेतले की तीन-चार कळीच्या जागांवर ती खुणा ठेवते. बिलासाठी 'बी', मुदतीच्या तारखेसाठी 'डी'. पोथीत मोरपीस ठेवण्याचीच ही पद्धत. फक्त मोरपिसे अनेक.

दुसरी, जोडीदार फाइलीची. चांगल्या प्रकल्पात प्रत्येक फाइलीची परीक्षा घेणारी दुसरी फाइल असते आणि तिचे नाव ठरावीक रीतीने पहिलीवरून पडते. भाचीचा लहानसा मॅक्रो समोरच्या फाइलीचे नाव वाचतो, त्याला चाचणीची शेपटी जोडतो आणि ती फाइल शेजारी उघडतो. पुन्हा दाबले की मूळ फाइल. "चाचणी उघडायचा कंटाळा आला की माणूस चाचणी लिहायचाच कंटाळा करतो," असे ती म्हणाली. मला हे फार मोलाचे वाटले.

तिसरी, जपमाळेची. विलंब-आकार जिथे जिथे मागवला आहे त्या सर्व जागांची यादी एडिटर करून देतो. एक बटण दाबले की यादीतील पुढची जागा उघडते आणि ती ओळ पडद्याच्या बरोबर मध्यभागी येते. वाचायचे, हवे तर दुरुस्त करायचे, पुन्हा तेच बटण. मेरुमणी आला की यादी संपली. मध्ये एकही मणी सुटत नाही.

"किती वेळ वाचतो गं यात?" मी विचारले.

"घड्याळ लावलं तर फार नाही. पण संध्याकाळी डोकं कमी दुखतं," ती म्हणाली.

हिशेब केला तर तिचे म्हणणे पटते. एका फेरीत दहा-बारा सेकंद वाचली आणि दिवसातून साठ फेऱ्या झाल्या, तर दहा-बारा मिनिटे झाली. तेवढ्यासाठी कोणी दिवाळी अंकात लेख लिहिणार नाही. खरी मिळकत निराळी आहे. पाच खोल्यांतील पाच ओळी एकाच वेळी मनात धरून ठेवता आल्या, तरच त्यांचा परस्परसंबंध दिसतो. हात चाचपडू लागले की त्यांतील दोन ओळी गळून पडतात आणि गळल्याचे कळतही नाही.

आंधळी घाई

याचा अर्थ मॅक्रो म्हणजे जादूची कांडी, असा मात्र घेऊ नये. मॅक्रोला समज नसते. तो पाहिलेले तेवढे करतो. व्हिममध्ये एखादे पाऊल चुकले, शोधलेला शब्द सापडला नाही, तर मॅक्रो तिथेच थांबतो, हे चांगले. परंतु साधारणपणे त्याचा शोध फाइलीच्या शेवटी पोचला की वळून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. प्रत्येक सापडलेल्या जागी काही भर घालणारा मॅक्रो कोणी "शंभर वेळा कर" म्हणून सोडून दिला, तर तो गोल फिरून त्याच जागी दुसऱ्यांदा भर घालील. आमटीला दोनदा मीठ! म्हणून जाणती माणसे आधी एकदा चालवतात, डोळ्यांनी पाहतात, मगच आकडा वाढवतात. आणि जाण्या-येण्याचे मॅक्रो निर्धोक, मजकूर बदलणारे मॅक्रो जोखमीचे, हा भेद त्यांच्या मनात पक्का असतो.

दुसरा धोका हौसेचा. काही तरुण हत्यार परजण्यातच इतके रमतात, की लढाई राहून जाते. महिन्यातून एकदा करायच्या कामासाठी दोन दिवस खपून मॅक्रो बांधण्यात अर्थ नाही. तेच काम तिसऱ्यांदा करताना हात आपोआप ओळखीच्या वळणाने जाऊ लागला, तर समजावे की आता ते नोंदवून ठेवण्याची वेळ आली.

तिसरी गोष्ट परावलंबनाची. मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल स्टुडिओ' या मोठ्या एडिटरात मॅक्रो नोंदवण्याची आणि लिहिण्याची सोय पूर्वी होती. २०१२ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. ज्यांनी वर्षानुवर्षे आपले मॅक्रो जमवले होते त्यांना एका आवृत्तीने हात बांधल्यासारखे झाले. मग कोणी जोडणी लिहून ती सोय परत आणली, कोणी दुसरीकडे वळले. यातून घ्यायचे ते हे, की मॅक्रो नुसता बोटांत ठेवू नये. त्यात कोणती पावले आहेत हे साध्या शब्दांत वहीत लिहून ठेवावे. हत्यार बदलले तरी रीत आपल्यापाशी राहते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगितल्याबरोबर कोड लिहून देतात. "मग आता हे सगळे कशाला?" असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि त्यांच्या स्वरात मुलांच्या नोकरीची काळजी असते. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण एवढे खरे, की लिहिणे स्वस्त झाले म्हणून वाचणे स्वस्त होत नाही. यंत्राने घटकेत पाचशे ओळी लिहून दिल्या, तर त्या वाड्याच्या कोणत्या भिंतीला टेकल्या आहेत हे कोणीतरी जाऊन पाहिलेच पाहिजे. चुकीचे बिल आले तर ग्राहकापुढे सही करणारा माणूसच उभा राहणार. भराभर फिरून नीट पाहणाऱ्या माणसाचे काम त्यामुळे वाढण्याचाच संभव अधिक.

तेव्हा वाचकहो, या सुटीत आपल्या घरातील सॉफ्टवेअरवाल्या मुलाला किंवा सुनेला "दिवसभर काय टकटक करता?" असे विचारण्याऐवजी वेगळा प्रश्न विचारून पाहा. "दिवसातून दहा वेळा करावे लागते असे तुझे कोणते काम आहे?" उत्तर देताना ती थोडी थांबेल, विचार करील, आणि कदाचित तिचे तिलाच नवल वाटेल. आपली रोजची पायपीट कोणती हे ओळखता आले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे एडिटर करील. आणि हा प्रश्न नुसता तिच्यापुरता ठेवू नका. हिशेबनीस, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, ज्याने त्याने स्वतःलाही विचारावा. दहा पावलांचे एक पाऊल करता येईल अशी एखादी वाट प्रत्येकाच्या कामात असते.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.